काकांचा ट्रक चहाला थांबतो

गॅरेजवाल्याच्या हाताचा डिझेलचा वास आणि डोक्यातले किस्से, कितीही साबण लावा, जात नाहीत! आमच्या उमरोळीच्या गॅरेजात तर निम्मे किस्से एकट्या काशिनाथकाकांच्या जुन्या ट्रकचे.

*

माकुणसारहून निघाला की हा ट्रक चढावर गचके खाऊन बंद. थोड्या वेळाने पुन्हा चालू! काका म्हणायचे, "दमते रे गाडी. मी चा घेतो, तवर तीपन दम खाते."

त्यांचा मुलगा मात्र वैतागला. "रविवारी भंगारवाला येतोय. तोवर सुधारली तर ठेवा!"

काकांचं तोंड एवढंसं झालं.

*

बोईसरहून पंपमिस्त्री रामधनीला बोलावलं. त्याने इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलला, तपासला, बसवला. "पंप एकदम टकाटक है!"

ट्रायलला निघालो. चढावर ट्रक बंद. रामधनी उतरून चहाच्या टपरीकडे निघाला. "काका, अपनी भी एक कटिंग बोलो!"

*

काकू रोज डबा घेऊन गॅरेजात यायच्या आणि जावेच्या नावाने बोटं मोडायच्या. माहेरचं निळ्या फुलांचं पोलकं होळीला दोरीवरून गायब झालं, तेव्हापासून दोघींचा अबोला. "तिनंच नेलंय! दुसरं कोन येनार हाय आमच्या दारात?"

काका अशा वेळी डब्यात डोकं घालून भराभर जेवायचे.

*

मग प्लॅन ठरला. आधी फिल्टर, मग पाइप, शेवटी टाकी. टाकीचं नाव काढताच काका भडकले. "टाकीत कचरा जाईलच कसा? कॅनमधलं डिझेल मी सोता फडक्यातनं गाळून घालतो!"

*

फिल्टर, पाइप झाले. फरक शून्य. शेवटी केबिनला डिझेलचा कॅन टांगला आणि नळी थेट पंपाला जोडली. ट्रक चढ सरसर चढला! रस्त्यात एक आजी थबकल्या. "अगो बाय, ट्रकला सलाईन!"

म्हणजे दुखणं टाकीतच.

*

शनिवारी टाकी उतरवली. तारेचा आकडा आत फिरवला, काहीतरी अडकलं. फडकं! चालत्या गाडीत पाइपच्या तोंडाला चिकटायचं, बंद पडली की सुटायचं.

"काका, वाचली तुमची गाडी!" मी ओरडलो. काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी फडकं पिळून झटकलं. आधी एक बाही निघाली, मग निळी फुलं.

तेवढ्यात गेटातून काकू डबा घेऊन आत आल्या.

काकांनी माझा हात घट्ट धरला. "टाक परत टाकीत! गाडी भंगारात गेली तरी चालंल!"