रूथच्या शेतातली ताकीद

मस्कतमधल्या मराठी उपासनेत पाळक बायबलमधल्या रूथवर बोलत होते. ही विधवा सून सासूसोबत परमुलखात गेली, कापणीनंतर लोकांच्या शेतात पडलेला सरवा वेचून तिने सासूला जगवलं, केवढी आज्ञाधारक! गावी प्रत्येक लग्नात मी हेच ऐकलंय. शेजारी बसलेल्या सुशीलाताई इथे एका घरी राहून काम करतात. त्यांचं बोट उघड्या बायबलमधल्या एकाच ओळीवर थांबलं होतं: हिला हात लावू नका, असं शेतमालक गड्यांना बजावतो.

"उगाच कोण बजावतं?" त्या पुटपुटल्या.

परक्या घरात एकटीने राहिल्यावरच ही ओळ दिसते. मला गावी कधी दिसली नव्हती. संतापच आला. ताकीद पुरुषांना होती, आणि आम्ही उपदेश करतो सुनेला. पलीकडच्या बाकांवर पुरुष निवांत माना डोलावत होते.