दगूबाईच्या दारातला खड्डा

हेमराज माझ्या वर्गात होता तेव्हाही प्रश्न विचारण्याआधी उभा राहायचा आणि उत्तर मिळेपर्यंत बसायचा नाही. वडिलांची तापीकाठची केळी-कापसाची जमीन होती, पण हा शिकतच गेला. सिव्हिलची पदवी घेतली, मग पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. केलं, आणि नगर परिषदांची स्पर्धा परीक्षा दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण होऊन पाणीपुरवठा व स्वच्छता अभियंता झाला. फिरत फिरत बदलीवर आमच्याच गावी आला. त्याची फुई, म्हणजे आत्या, दगूबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं.

त्या गल्लीत नळाला तोटी नाही. पाण्याला जोर नसतो, म्हणून प्रत्येकानं उंबऱ्यापुढे खड्डा खणून नळ खाली, पाइपाजवळच कापलेला. बायका खड्ड्यात उतरून हंडा भरतात. खड्ड्याला फरशी बसवतात, हळदकुंकू लावतात. बाळंतीण बाराव्या दिवशी तिथंच पाणी पूजते, कारण विहिरी कधीच बुजल्या. शेजारून गटार वाहते.

हेमराजनं मला एकदा कागदावर काढून दाखवलं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि खड्ड्यात साचलेलं घाण पाणी आत ओढून घेतो. पुढच्या खेपेला तेच सगळ्यांच्या घरी जातं. उपायही साधा होता. सगळे खड्डे एकाच दिवशी बुजवायचे. मग कुणीच खालून पाणी ओढणार नाही, जोर वाढेल, आणि पाणी वरच्या तोटीला आपोआप चढेल. त्यानं तसा प्रस्ताव दिला. निवडणूक तोंडावर होती. लोकांच्या नळाला आता हात लावू नका, असं त्याला सांगण्यात आलं.

त्याच उन्हाळ्यात दगूबाईची लेक कामिनी पहिल्या बाळंतपणासाठी खांडबाऱ्याहून माहेरी आली. सातवा सरला होता. गावात काविळीचे रुग्ण निघू लागले होते. पाण्यातून येणारी ही कावीळ इतरांना बरी होते, पण पोटुशी बाईला नेऊ शकते, हे हेमराजला ठाऊक होतं. तो घरोघर फिरून खड्डे बुजवायला विनवू लागला. कोपऱ्यावरचा पितांबर सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, पहिले तुम्हना फुईना खड्डा बुजा, मंग आमले ग्यान शिकाडा." लोक हसले.

हे त्याला लागलं. दुसऱ्या सकाळी तो स्वतः सिमेंटची गोणी घेऊन फुईच्या दारात आला.

दगूबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. "हेमू, आख्खी गल्लीम्हा तुले मन्हाच खड्डा दिसना का रे?"

"फुई, तुन्हा घरपाईन सुरुवात कयी, तर लोके आयकतीन."

त्यानं खड्डा बुजवून कमरेइतक्या उंचीवर चकचकीत तोटी बसवली. मला त्याचा अभिमान वाटला. कामिनीनं तोटीलाही हळदकुंकू वाहिलं.

लोकांनी ऐकलं नाही. बाकीचे खड्डे तसेच राहिले, सगळं पाणी खालच्या खाली जाऊ लागलं आणि फुईच्या तोटीतून नुसती हवा यायची. हेमराजनं टँकर मागितला; तो कधी यायचा, कधी नाही. मग दगूबाई पितांबरच्या खड्ड्यावरून हंडे आणू लागली. कामिनीसाठी उकळून ठेव, असं हेमराज रोज बजावायचा, आणि ती उकळायचीही. पण त्या उन्हात उकळलेलं पाणी निवत नसे. पोर घामाघूम व्हायची आणि आई पाठमोरी झाली की माठातलं न उकळलेलं गार पाणी पिऊन घ्यायची.

तिचे डोळे पिवळे झाले. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. बाळ गेलं, मग तीही गेली. शाळेत स्वागतगीत म्हणायला कायम पुढे असणारी ती मुलगी. तिला खांद्यावर नेताना हेमराज पुढे होता.

दहाव्याला दगूबाई त्याच्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "मन्हा खड्डा ऱ्हाता, तर मी दुसरानं दारले गयी नसती."

तो तिथून उठला. माझ्याकडे येऊन बसला, चहा तसाच ठेवला. "सर, एकटा खड्डा बुजवला तर त्या घराचं पाणी जातं. हे मला शिकवलेलं होतं. त्या दिवशी मी इंजिनियर म्हणून गेलोच नव्हतो."

कावीळ ओसरली, निवडणूकही झाली, आणि प्रस्ताव पुन्हा कुणी काढला नाही. पितांबरनंच पहार आणून दगूबाईचा खड्डा उघडून दिला. हेमराजनं धडगावला बदली मागितली आहे. अजून आली नाही. तोवर पाण्याच्या दिवशी तो काचेची नळी आणि औषधाची बाटली घेऊन त्या गल्लीत येतो. पाण्यात क्लोरीन उरलं असेल, तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं; नाही झालं, तर ते पिण्याजोगं नाही.

परवा मी तिकडूनच चाललो होतो. त्यानं फुईच्या खड्ड्यातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, उजेडात धरलं. दगूबाई हंडा घेऊन बाजूला थांबली होती. दहाव्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नव्हती.

"व्हयनं का रे पिवळं?"

"नही, फुई."

तिनं ऐकलं, पदर खोचला आणि हंडा घेऊन खड्ड्यात उतरली. त्यानं हात देऊन तो भरलेला हंडा वर घेतला.