हैदराबाद, मार्गे नागपूर

मुकुटबनहून हैदराबादला जायचं तर माणूस दक्षिणेकडे तोंड करून निघतो. पैनगंगा ओलांडली की तेलंगण, पुढे आदिलाबाद, आणि मग सरळ मोठा रस्ता. माझ्या थोरल्या भावाने मात्र हैदराबादसाठी आधी उत्तरेला नागपूर गाठायचं आणि तिथून विमानात बसून आपल्याच गावावरून परत जायचं ठरवलं. गावात ज्याने ज्याने हे ऐकलं त्याने आधी भावाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी यवतमाळला कॉलेजात शिकवते, तेव्हा घरातल्या निदान एका माणसाचं डोकं ठिकाणावर असेल अशी त्यांची समजूत. मीही सोबत जातेय म्हटल्यावर त्यांनी दोघांचाही नाद सोडला.

भावाचं विमानांचं वेड जुनं आहे. नागपूरहून हैदराबादला जाणारं विमान आमच्या वावरावरून जातं, आणि कापूस वेचता वेचता मान वर करायची सवय त्याला लहानपणापासूनची. बाकीची पोरं मोठी झाल्यावर मान खाली घालून कामाला लागली, हा वरच पाहत राहिला. पुढे मोबाइल आला आणि आकाशातलं कुठलं विमान कुठून कुठे चाललंय हे नकाशावर दिसू लागलं, तेव्हा तर त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. एकदाही विमानात न बसलेला हा माणूस विमानाच्या आवाजावरून त्याची जात सांगतो. मला आधी याचा राग यायचा. तूर फवारणीला आलेली असताना हा बांधावर उभा राहून मोबाइलमध्ये बघतोय हे दृश्य कुठल्याही बहिणीला आवडणार नाही.

त्याच्यासारखे आणखी दोघं गावात निघाले हे त्याचं भाग्य. एक चाचा, त्यांचं काच, आरसे आणि फोटोफ्रेमचं दुकान. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. संध्याकाळी तिघं चाचांच्या दुकानात बसायचे, आणि मी सुट्टीत गावी आले की चहाच्या निमित्ताने तिथे टेकायचे. तिथली चर्चा ऐकून परक्या माणसाला वाटलं असतं की देशातली सगळी विमानं या तिघांना विचारून सुटतात.

त्यांची भाषा मात्र सगळी एसटीची. विमान सुरू होत नाही, ते 'लागतं'. अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं त्या दिवशी काकांनी दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या सांगितलं, "अमरावतीले गाडी लागली." रात्री एखाद्या विमानतळावर उभं राहून सकाळी तिथूनच सुटणारं विमान म्हणजे मुक्कामी. काकांचा मुक्कामी विमानावर फार विश्वास. ते दुसरीकडून यायचंच नसतं, तिथेच झोपलेलं असतं, म्हणून सकाळी वेळेवर निघतं. नवा मार्ग जाहीर झाला की त्यांचा पहिला प्रश्न भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरून धावेल याचा.

"एवढं मोठं विमान कायले टाकून राह्यले या रस्त्यावर?" ते विचारायचे. "भारमान नाही भेटत. पाह्यजा, दिवाळी झाली का बंद."

चाचांना मोठीच विमानं आवडायची, मध्ये दोन वाटा असलेली. "सफर करनी तो शान से करनी," ते म्हणायचे, आणि पुढे मराठीत, "मानसाले पाय पसराले जागा पाह्यजे."

भाऊ हसायचा. "चाचा, दोन पोती तुरीसाठी कोनी ट्रक बोलावते काय? इथं पंखेवालंच पाह्यजे."

पंखेवालं म्हणजे पुढे पंखे फिरणारं, दोन-दोन सीटांचं छोटं विमान. भावाचा जीव त्यावर. यवतमाळच्या धावपट्टीवर उद्या विमान लागलं तर कुठलं लागेल, ते पुसदच्या बाजूने वळेल का वणीच्या, सकाळी मुंबई करून संध्याकाळी परत येता येईल का, यावर त्या तिघांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील देव जाणे. भांडणंही व्हायची. एकदा चाचा आणि काका दोन दिवस बोलत नव्हते, आणि कारण होतं कुठल्याशा कंपनीने मागवलेली विमानं. ना यांना त्यात बसायचं होतं, ना यांचा त्यात पैसा. मला हळूहळू या माणसांबद्दल मनापासून कौतुक वाटायला लागलं. ज्यातून काहीही मिळायचं नाही अशा गोष्टीवर इतकं निखळ प्रेम करणारी माणसं मी कॉलेजात फारशी पाहिली नव्हती.

मग भावाला काचबिंदू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जपायची, आणि तीही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. त्याला समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचं सगळं गेलं होतं, नळीतून पाहावं तसं. परतीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, "इतकी वर्षं काचेच्या दुकानात बसलो, एखादा बिंदू तं लागनारच." मला हसू आलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी दुकानात गेले तेव्हा विमानाचा आवाज आला. तिघं बाहेर आले. भाऊ मान फिरवून फिरवून आकाश शोधत होता आणि काका त्याला सांगत होते, "जरा डावीकडं. आनखी. हां, आता वर." ज्याने मला लहानपणी बोट धरून विमान दाखवलं त्याला आता दुसरा कोणी विमान दाखवत होता. मी आत जाऊन उगाच फ्रेमा बघत बसले.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "मले एकदा वरून आपलं गाव पाह्यचं हाये. दिसते तोपर्यंत."

त्यानंतर दुकानात जी तयारी झाली तशी मी लग्नाचीही पाहिलेली नाही. नागपूर-हैदराबाद मार्गावर नुकतंच पंखेवालं विमान लागलं होतं, तेव्हा विमान कुठलं हा प्रश्नच नव्हता. आणि पहिल्यांदाच भावाच्या आवडीमागचं कारण मला कळलं. इतर विमानांचे पंख खिडकीच्या खाली असतात, खालची जमीन झाकतात. या विमानाचे पंख वर, छपरासारखे, आणि खिडकीखाली सगळं मोकळं. शिवाय ते फार उंच जात नाही, की जमिनीवरचं काही ओळखूच येऊ नये. सकाळचं विमान, म्हणून ऊन डावीकडून, म्हणून उजवी खिडकी, त्याच्या डोळ्यांना त्रास नको. मागची रांग, म्हणजे पंखा आड येणार नाही. दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे ढग नाहीत. वहिनी म्हणाली, कापूस वेचणीला आलाय, आणि तसंही मला वर जायची घाई नाही, तुम्ही भावंडं जा. मी तिकिटं काढली.

सगळं ठरलं आणि काकांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "पन भाऊ, विमान आपल्या गावाच्या अगदी वरून जाते ना?"

"अगदी डोक्यावरून," भाऊ अभिमानाने म्हणाला.

"मंग दिसन कसं? एवढी वर्षं गाडीत फिरलो मी, खिडकीतून गाडीखालचा रस्ता मले कधी दिसला नाही."

विमान गावाच्या बरोबर वरून जातं ही तिघांची इतक्या वर्षांची मिरास होती. वणीवाल्यांना, पांढरकवड्यावाल्यांना ते ऐकवत आले होते की आमच्यासारखं कोणाच्याच डोक्यावरून जात नाही. आणि नेमकं त्यामुळेच खिडकीतून मुकुटबन सोडून आसपासचं सगळं दिसणार होतं. तिघांनाही हे आजवर सुचलं नव्हतं, आणि मला तर सुचायचा प्रश्नच नव्हता, कारण मी त्यांची हुशारी बघण्यात गुंग. भावाने मोबाइलवर नकाशा काढला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. रेघ गावावरूनच जात होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "तिकीट परत करू."

त्याचा चेहरा मला बघवेना. काकांचाही उतरला होता, खरं बोलल्याची शिक्षा भोगत असल्यासारखा. शेवटी चाचा उठले. भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या आरशावरची धूळ त्यांनी फडक्याने पुसली.

"गाव नाही दिसत तं न दिसो," ते म्हणाले. "आमी दिसू."

बेत साधा होता. गावाच्या पश्चिमेला, खिडकीतून तिरकं बघितलं की नजरेत येईल इतक्या अंतरावर, चाचांच्या ओळखीच्या माणसाचं वावर होतं. तिथे चाचा आणि काका एकेक मोठा आरसा घेऊन उभे राहणार. समोर सूर्य, समोरच विमान. ते ऊन विमानावर मारत राहणार. भावाला तिकडे चमक दिसली की समजायचं, गाव बरोबर खाली आलं.

"आन मले नाही दिसली तं?" भावाने विचारलं. नळीएवढ्या नजरेत, पळत्या जमिनीवर, आरशाएवढी चमक सापडायची होती.

"वर्धा नदी गेली का तयार राह्य," काका म्हणाले. "पैनगंगा आली का आपला टप्पा संपला. तेवढ्यात पाह्य."

नागपूरच्या विमानतळावर भाऊ नव्या नवरदेवासारखा अवघडून चालत होता. विमान समोर आलं तेव्हा मात्र त्याने ते पूर्ण फेरी मारून पाहावं तसं पुढून मागे, मागून पुढे न्याहाळलं, आणि शिडीच्या दांड्यावर हात ठेवून थांबला. मागच्या माणसांनी कुरकुर केली. मी वळून म्हटलं, जरा दम धरा, तुमच्याशिवाय सुटत नाही ते. त्याच्यासाठी मी त्या दिवशी कोणाशीही भांडले असते.

उडालो तेव्हा त्याने माझा हात धरला नाही, खिडकीची कड धरली. कपाळ काचेला लावून तो जे बसला ते बसलाच. त्याच्या डोक्याआडून मला जेमतेम वीतभर आकाश दिसत होतं. तो मला सांगत होता, तलाव, रस्ता, ते बघ रेल्वे. मग म्हणाला, "वर्धा गेली." वणीकडच्या खाणींचे काळे खड्डे दिसले तेवढे पुटपुटला, आणि मग त्याचं डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरू लागलं, वाळवणातले खडे वेचणाऱ्या बाईसारखं. मला वाटलं, मी हे घडू द्यायला नको होतं. दिसलं नाही तर हा माणूस गावात पाऊल कसं टाकेल, चाचांना काय सांगेल. खोटं सांगणं त्याला जमत नाही. मी देवाचं नाव घेतलं, जे मी परीक्षेच्या निकालालाही घेत नाही.

त्याचं डोकं थांबलं.

"हायेत," तो म्हणाला. "एक हाये. लुकलुक करून राह्यला. थांब... दुसरा बी हाये."

तो मागे सरला आणि मला वाकायला जागा दिली. तांबूस, हिरव्या तुकड्यांच्या मधोमध दोन ठिणग्या पेटत विझत होत्या. इतक्या उंचावरून माणसं दिसत नव्हती, आरसे दिसत नव्हते, नुसता उजेड दिसत होता. माझे डोळे भरून आले आणि तो उजेडही धुरकट झाला. मी घाईने मागे झाले, त्याची जागा त्याला दिली.

पण तो खिडकीकडे वळला नाही. तो खाली वाकला. मला वाटलं चक्कर आली, मळमळतंय, मी समोरच्या कप्प्यातली पिशवी शोधायला लागले. तो बुटाचे बंद सोडत होता. आमच्याकडे खळ्यात कोणी पायात घालून जात नाही, आणि पेरणीच्या पहिल्या दिवशी वावरातही नाही. त्याने दोन्ही बूट काढले, खालीही ठेवले नाहीत, उचलून मांडीवर घेतले.

"खाली आपलं गाव हाये ना," तो म्हणाला.

मीही माझ्या चपला काढून मांडीवर घेतल्या. पाणी घेऊन आलेल्या मुलीने आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेली. पैनगंगा येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.