शाकारलेली फियाट

मांडवीच्या सुलेमानचाचांची तीस वर्षं जहाजावर गेली. सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी निळी फियाट घेतली. ती अंगणात जिथे उभी राहिली, तिथे पूर्वी हफीजाचाची मासळी वाळवत. त्या हे विसरल्या नव्हत्या. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात विम्याच्या हप्त्याचा कागद आला, तेव्हा त्यांनी अट घातली. पाऊस सरेपर्यंत हा आकडा थोडा तरी कमी करून दाखवा, नाहीतर गाडी विकायची.

आकडा कशाचा आहे हेच चाचांना ठाऊक नव्हतं. ते विम्याच्या ऑफिसात गेले. तिथले कारकून काशीराम सबुरीचे गृहस्थ. त्यांनी समजावलं की हप्त्याचा एक भाग तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठी. तो कायद्याने भरावाच लागतो. दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी, तो तिच्या किमतीवर ठरतो. चाचांनी लगेच गाडीची किंमत पाचशे रुपये लिहायला सांगितलं. काशीराम म्हणाले, लिहितो; पण गाडी भाट्याच्या खाडीत गेली तर पाचशेच मिळतील. चाचांनी किंमत होती तशी ठेवली. वर्षभर भरपाई मागितली नाही तर हप्त्यात सूट होती. पण गेल्या साली बंपरला आलेल्या पोच्यासाठी चाचांनी भरपाई घेतली होती. मिळाले चाळीस आणि सूट बुडाली साठांची, हे त्यांना त्या टेबलाशी कळलं.

उठता उठता त्यांनी विचारलं, "आमच्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. मग बुडायची भीतीच नाही. गाडीला असं काही नाय काय?"

काशीरामांनी जाडं नियमपुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली, आणि तसं कलम निघालं. सलग दोन महिने गाडी बंद ठेवली, आधी लेखी कळवलं, तर तेवढ्या काळाची सूट. आग आणि चोरीचा विमा मात्र चालूच राहणार.

अर्ज शेजारी म्हणून मी लिहून दिला. होडीचा उल्लेख चाचांनी दोनदा घालायला लावला.

पंधरा जूनला फियाट लाकडी ठोकळ्यांवर चढली. चाकं माजघरात गेली. वर माडाच्या झापांचं छप्पर, चहूकडून दोरखंड, आणि गंज धरू नये म्हणून पत्र्याला माशाचं तेल. वाड्यातली मांजरं दोन महिने तिथून हलली नाहीत.

जुलैत ऑफिसातून साहेब तपासणीला आले. देशावरचे, नुकते बदलून आलेले. त्यांनी नाकाला रुमाल लावून झाप उचलला, इंजिनाचा नंबर टिपला, चहा घेतला. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. मग ते सहज म्हणाले, "स्टँडवर सोडता का गाडीने? चाकं काय, लावता येतील. आपल्यातच राहील."

चाचांना पाहुण्याला नाही म्हणता येत नसे. ते अर्धवट उठलेही. तेवढ्यात चाची आतून म्हणाल्या, "सोडतील तर. छत्री घ्या हो."

चाचांनी साहेबांना स्टँडवर सोडलं. चालत, एका छत्रीत, आणि वाटभर एडनजवळच्या वादळाची हकिकत सांगत. साहेब खरंच पावसाला कंटाळले होते की परीक्षा पाहत होते, यावर मांडवीत अजून दोन मतं आहेत. पुढे तीन दिवस ते रजेवर होते. अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, गाडी वापरात नसल्याची जातीने खात्री केली.

ऑगस्टअखेर पत्र आलं. सूट मंजूर, रक्कम पुढच्या हप्त्यातून वजा. चाचांनी ते चाचींना दोनदा वाचून दाखवलं.

"नुसती उभी ठेवून एवढे वाचले?" चाचींनी विचारलं.

"मग! सारंगाचं डोकं आहे."

"तर बाराही महिने उभीच ठेवू या की. गाडीही राहील नि पैसेही."

चाचांनी माजघरातून चाकं बाहेर काढली. त्या दिवशी दुपार कलतानाच्या, अस्रच्या नमाजाआधीच फियाट रस्त्यावर होती. भर पावसात भाट्यापर्यंत गेली आणि परत आली, काहीही काम नसताना.