हात धुणारी पोर

आमच्या हडको वसाहतीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी घरातलं पातेलंसुद्धा रिकामं राहत नाही. अशा घरात माझी आठ वर्षांची लेक दिवसभर हात धुऊ लागली, तेव्हा मला आजार कुठला दिसणार? मला दिसला ड्रमचा तळ.

सगळं एका दिवसात सुरू झालं. आदल्या दिवशी तिखट-मीठ लावलेली कैरी खाऊन बोटं चाटणारी पोर सकाळी मोरीतून बाहेरच येईना. दाराला हात लागला की धुवायचे, चप्पल नुसती दिसली तरी धुवायचे. कातडी सोलवटली तरी थांबेना. मी ओरडले, "पाणी काय तुझ्या मामानं भरून ठिवलंय का गं?" ड्रमला झाकण लावून वर वरवंटा ठेवला, तर रडत रडत पिण्याच्या पाण्यानं हात धुऊ लागली. तिची शाळाही बंद पडली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय, खुलताबादच्या दर्ग्यात नेऊन आणा." वाळूजच्या कंपनीतून दमून आलेला नवरा म्हणाला, "लाडावलीय लई, दुसरं काय नाय." मी मात्र आतून हादरले होते. पोर समोर बसलेली आहे आणि ती कुठं गेली ते कळत नाही, याहून भयंकर काही मी पाहिलेलं नाही. ती परत येईल का, एवढाच विचार डोक्यात असायचा.

शेवटी हाताच्या जखमा दाखवायला म्हणून तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात पाहिले आणि विचारलं, "एवढ्यात हिचा घसा दुखला होता का?"

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी चिडलेच. पण दुखला होता खरा. ताप होता, गिळता येत नव्हतं. औषधानं दोन दिवसांत उतार पडला, तेव्हा उरलेलं औषध मी फ्रिजच्या दारात ठेवून दिलं, पुढच्या खेपेला होईल म्हणून. आमच्याकडे सगळेच ठेवतात.

"काही मुलांत, फार थोड्या," डॉक्टर म्हणाले, "घशातल्या जंतूंशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, ती चुकून मेंदूवरच चालून जाते. मग असं एकाएकी सुरू होतं. डॉक्टरांमध्येही यावर अजून वाद आहेत. आपण तपासून बघू."

घरी येताना रिक्षात मी तिच्या इवल्याशा गळ्याकडे बघत होते. मन म्हणजे काहीतरी वरचं, वेगळ्या मजल्यावरचं, असं मी आजवर धरून चालले होते. आणि घशातली सूज थेट तिथवर पोहोचते? मग आपण ज्याला हट्ट म्हणतो, स्वभाव म्हणतो, त्यातलं किती असं रक्तातून फिरत असेल? मला बाई भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले. एवढ्याशा देहात काय काय एकमेकांना बांधून ठेवलंय! अजूनही तो विचार आला की भाजी चिरता चिरता माझी विळी थांबते.

तपासण्या झाल्या. या वेळी घशाचं औषध शेवटच्या गोळीपर्यंत दिलं. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेत राहिलो. कशानं किती फरक पडला ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नाही. पण आजार ओसरत गेला.

एका सकाळी शाळेसाठी तिची वेणी घालत होते. ती आपणहून म्हणाली, "आई, हात स्वच्छ हायेत ते मला माहीत असायचं."

"मग धूत कशाला होतीस गं?"

"आतून सारखं वाटायचं, नाय धुतले तर तू मरशील."

माझा हात तिच्या केसांतच थांबला. इतके दिवस ही एवढीशी पोर एकटीनं मला जिवंत ठेवत होती.