आधणाचं पाणी

वाडीला अमरावती रोडच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे. पुढची एक खोली मी भाड्याने देते. आजवर तिथे गोदामांत काम करणारे लोक राहिले. मागच्या वर्षी पहिल्यांदा एक मुलगी आली. रोडने थोडं पुढे एक खाजगी केंद्र आहे. तिथे परदेशी पोपट, मोठाले सरडे, अजगर असलं सगळं पाळलेलं आहे, आणि त्यांना सांभाळायचं कसं, शिकवायचं कसं, याचा वर्षभराचा कोर्स चालतो. ती तिथे शिकत होती.

"म्हणजे सर्कस," मी म्हटलं.

"नाही वं आजी. सर्कशीत मारून शिकवतात. आम्ही दाणा देऊन शिकवतो."

"माह्या सासूनं मले दोन्ही देऊन शिकवलं. दाणा कमीच होता."

ती हसली. काटोलकडची शेतकऱ्याची पोर. घरी तिने नुसतं 'जनावरांचा कोर्स' एवढंच सांगितलं होतं. बापाला वाटायचं, गाई-म्हशींचं काही असेल. तो फोनवर विचारायचा, "गाभण गाय तपासता येते का तुले आता?" ती म्हणायची, "शिकून राहिली, बाबा." मी शेजारी बसून भाजी निवडत असायची. ते तिचं ती पाहील.

सकाळी सातला जायची, संध्याकाळी यायची. अंगाला विष्ठेचा वास. फळं कापून कापून बोटं काळी. एवढं सगळं कशासाठी, तर पोपटाने आपण होऊन वजनकाट्यावर पाय ठेवावा. महिनाभर ती त्या एका पावलाच्या मागे होती. पोपट चढला त्या दिवशी तिने मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा ऐकलं.

थंडी पडली तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पिल्लू मिळालं. पंधरा दिवस ते आपल्याच हाताने वाढवायचं. तिच्या वाट्याला पिवळ्या पोपटाचं आलं. पिवळं वगैरे काही दिसत नव्हतं. उघडं, सुरकुतलेलं, वाटीत मावेल एवढं. गळ्याखाली अन्नाची पिशवी असते, तिच्यावरची कातडी इतकी पातळ की आत गेलेला घास बाहेरून दिसे. बल्ब लावलेल्या खोक्यात ते राही. सकाळी ती ते खोकं केंद्रावर नेई, संध्याकाळी परत आणी. दर चार तासांनी भुकटी पाण्यात कालवून पिचकारीने पाजायची. दर वेळी वहीत लिहायचं, पिल्लाचं वजन किती, किती पाजलं, खाणं किती गरम होतं. खाणं चाळीस अंशांच्या आसपास हवं. थंड असलं तर आत सडतं, जास्त गरम असलं तर पिशवी भाजते. पिचकारी धरणाऱ्यानेच थर्मामीटर बघायचा, हा तिथला पहिला नियम. निष्काळजीपणाने पिल्लू गेलं तर कोर्समधून नाव कमी. तिच्या आधीच्या वर्षी एकाचं झालं होतं.

ती सकाळ मला चांगली आठवते. नऊला तिचा पेपर होता. थर्मामीटरचा सेल संपलेला. तिने दोनदा झटकला, दाताने दाबला, आकडा उमटेना. पिल्लू ओरडून ओरडून खोकं डोक्यावर घेत होतं. मी ज्वारीचं पीठ मळायला बसले होते. आधणाचं पाणी नुकतंच खाली उतरवलेलं.

"आजी, थोडं गरम पाणी द्या न."

मीच ओतलं तिच्या वाटीत. तिने भुकटी कालवली, वाटी हलवली, थर्मामीटरकडे पुन्हा पाहिलं.

"आण इकडे," मी म्हटलं आणि बोट बुडवलं. "कोमट आहे. पाज अन् जा."

तिने पाजलं. पिल्लाने मान जोरात झटकली, थोडं बाहेर उडवलं, बाकीचं गिळलं. ती खोकं घेऊन ऑटोकडे पळाली.

साठ वर्षं मी तव्यावरची भाकरी हाताने उलटते आहे. निखाऱ्यावरचं वांगं हाताने फिरवते. माझ्या बोटाला कोमट म्हणजे काय, हे मला त्या सकाळी ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं. कधी कोणी विचारलंच नव्हतं.

दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला हाक मारली. पिल्लाच्या गळ्याखाली लाल चट्टा होता, रुपयाएवढा. दुपारी पाजलेलं अजून पिशवीत तसंच होतं.

"भाजलं, आजी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"त्या दिवशीचं?"

तिने हो म्हणून मान हलवली. मग मी वही मागितली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण आकडे मला वाचता येतात. त्या सकाळच्या ओळीत तिने चाळीस लिहिलं होतं.

"हे काहून लिहिलं? मोजलं कुठं होतं तू?"

"रिकामं ठेवलं तर विचारतात. तुम्ही कोमट म्हणाल्या, मी चाळीस लिहिलं."

दुसऱ्या दिवशी तिने पिल्लू त्यांच्या मोठ्या सरांना दाखवलं. सरांनी वही पाहिली. सगळीकडे चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. म्हणजे भाजलेलं नाही, जंतूंचं दुखणं असावं, असं त्यांनी ठरवलं. भुकटीचा डबा फेकून दिला. त्याच डब्यातलं खाल्लेल्या सगळ्या पिल्लांना उद्यापासून औषध सुरू करायचं ठरलं. हे सगळं ती घरी येऊन मला सांगत होती आणि पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

"मग तू गप्प राहिली?"

"बोलली तर मले काढतात, आजी. बाबाले काय सांगू? पोपट भाजला म्हणून काढलं? त्याले तर पोपटाचंच माहीत नाही."

"बाकीच्या पिल्लायले उगाच औषध पाजतील त्याचं काय?"

"मरत नाहीत त्यानं."

"नक्की?"

तिचा अंगठा पुन्हा फरशी उकरायला लागला.

"उद्या तू सांग," मी म्हटलं. "नाही तर मी येते."

"तुमचं काय जाते? तुमच्यावर काही येत नाही."

हे खरं होतं. रात्री ती जेवायला आली नाही. मी ताट झाकून ठेवलं नाही. भूक लागली तर भांडी कुठे आहेत, तिला माहीत होतं.

सकाळी ती मला न सांगता गेली. मी आठपर्यंत तिच्या फोनची वाट पाहिली, मग लुगडं बदलून ऑटो केला. दारावरच्या माणसाने विचारलं कोणाकडे जायचं, मी म्हटलं मोठ्या सरांकडे, भाजलेल्या पिल्लाचं आहे. त्याने लगेच सोडलं.

सर म्हणजे पस्तिशीचा माणूस, हातावर ओरखडेच ओरखडे. टेबलावर नुकताच आणलेला चहा होता. ती मुलगी भिंतीशी उभी होती, वही छातीशी धरून. टेबलावर औषधाच्या पिचकाऱ्या ओळीने भरून ठेवलेल्या. म्हणजे तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

"ते पिल्लू माझ्या आधणाच्या पाण्यानं भाजलं," मी सांगितलं. "थर्मामीटर बंद होता. मी बोट बुडवून कोमट म्हटलं."

"बोट बुडवून?"

मी त्यांच्या चहात बोट बुडवलं आणि ठेवलं. वाफ येत होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मी मनात वीस मोजले आणि बोट काढलं.

"मले हेही कोमटच लागते," मी म्हटलं.

त्यांनी चहा बाजूला सारला. पिचकाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी, तुमच्या बोटाला मी काही विचारत नाही. पिचकारी तुमच्या हातात नव्हती." आणि तिच्याकडे वळले. "वहीत चाळीस आहे."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, मी ढकलून राहिली आहे. बाहेर कुठलासा पक्षी करवतीसारखा ओरडत होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

तिने वही टेबलावर ठेवली. सरांच्या खिशातला पेन मागून घेतला. चाळीसवर आडवी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'मोजलं नाही.' खाली सही केली.

सरांनी पिचकाऱ्या उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "भाजलेलं लगेच शिवता येत नाही," ते म्हणाले. "मेलेली कातडी आधी वेगळी व्हावी लागते. तोवर थोडं थोडं पाजायचं आणि वाट बघायची. पाजायला मी बसेन. पिल्लू तू धरायचं. कोर्सचं नंतर."

आठवडाभर ते 'नंतर' काही आलं नाही. पाचव्या दिवशी चट्टा काळा पडून सुटला आणि गळ्याखाली भोक उघडलं. पाजलेलं तिथून गळायला लागलं. शिवताना तिनेच पिल्लू धरलं. संध्याकाळी घरी येऊन तिने माझ्यासमोर बापाला फोन लावला.

"बाबा, मी गाईचं शिकत नाही. पोपटाचं शिकते. अन् एक भाजला माझ्याकडून."

बाप म्हणाला, "जगला का?"

"अजून आहे."

"मग फोन ठेव अन् त्याच्याकडे पाह्य."

पिल्लू जगलं. गळ्यावर पिसं आली नाहीत, तेवढी जागा उघडीच राहिली. तिचं नाव कोर्समधून काढलं नाही. पण हाताने पाजण्याच्या भागात तिला नापास केलं, तो पुढच्या बॅचबरोबर पुन्हा करायचा. म्हणून बाकीचे गेले आणि ती सहा महिने आणखी माझ्याकडे राहिली. नवा थर्मामीटर तिने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. दुसरं पिल्लू आणलं तेव्हा मी सवयीने वाटीत बोट बुडवलं.

"आजी, बोट काढा," ती म्हणाली.

मी काढलं.