शेळ्यांनी खाल्लेला पेनल्टी बॉक्स

एका रविवारी आमच्या क्लबचा उजवीकडचा पेनल्टी बॉक्स शेळ्यांनी खाल्ला.

(पेनल्टी बॉक्स म्हणजे गोलपोस्टसमोर आखलेला चौकोन. त्याच्या आत गोलकीपरनं चेंडू हातात धरला तर टाळ्या, बाहेर धरला तर शिक्षा. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं, आणि तेही त्या रविवारनंतर.)

आमचा क्लब पूर्णेचा. खेळाडू दिवसा आपापला नोकरीधंदा करतात, कुणी शाळेवर, कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी भाजीच्या गाड्यावर. आणि मॅच असली की क्लब मानधन देतो. पुरुषांचा संघ लीगमध्ये आहे. मुलींचा नव्हता. मुलींनी कैक वर्षं पोरांचा सराव उरकल्यावर उरलेल्या उजेडात सराव केला. त्या रविवारी पुण्याहून लीगच्या निरीक्षक मॅडम येणार होत्या. नांदेडच्या मुलींबरोबरची मॅच नीट पार पडली तर आमच्या मुली लीगमध्ये, नाही तर पुन्हा उरलेला उजेड! आमची मित्रा, म्हणजे माझी एकुलती एक लेक संघमित्रा, या संघाची कॅप्टन आणि गोलकीपर. आठ दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी क्लबचा मैदानप्रमुख. खेळातलं काहीच कळत नसल्यामुळे हे पद मला एकमतानं मिळालं. काम एकच, मॅचआधी फक्कीनं, म्हणजे त्या पांढऱ्या पुडीनं, रेषा मारायच्या.

"बाबा, फक्की पुरंल ना?" सकाळी मित्रानं विचारलं.

"अगं, तुझा बाप रेल्वेत क्लार्क हाय. रूळ बघून घे अन् माझ्या रेषा बघून घे!"

रेषा मारता मारता माझ्या मनात आलं, एवढ्या लांबून बाई येणार, आणि त्यांना नुसत्या रेषा दाखवायच्या? आपल्याकडं साध्या बारशालाही दारात ‘सुस्वागतम’ असतं. म्हणून मी गेटजवळ फक्कीनं ‘सुस्वागतम’ लिहिलं. माणूस आडवा झोपला तर मावेल एवढं एकेक अक्षर! त्याखाली वेलबुट्टी काढली. वेलबुट्टी ओकीबोकी दिसायला लागली म्हणून दोन्ही बाजूंनी मोर काढले. डावा मोर लय झकास जमला. उजव्या मोराचा पिसारा संपला तेव्हा फक्कीही संपली होती, आणि उजवीकडचा पेनल्टी बॉक्स तसाच कोरा होता.

रविवार. दुकान बंद. दुकानदार लग्नाला बोरीला.

आता आमच्या क्लबची एक रीत सांगतो. पाहुण्या संघाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. हरले असतील तर वर गुळाचा खडा. त्यासाठी मित्राच्या आईनं (म्हणजे आमच्या मंडळींनी) आदल्या दिवशीच दळण करून आणलं होतं. मी घरी गेलो तेव्हा ती शेजारच्या अंगणात बायकांबरोबर कांदे चिरत बसली होती. स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठाचं पोतं उभं होतं. पांढरंशुभ्र! मी त्याच्याकडं पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पेनल्टी बॉक्स असा उठून दिसला की काय सांगू! मॅडम आल्या, मैदानाला फेरी मारली आणि म्हणाल्या, "उजवीकडचं मार्किंग छान आहे."

मी लाजलो.

पहिल्या हाफमध्ये आमच्या मुली डावीकडं होत्या. गोल झाला नाही, भांडण झालं नाही, सगळं निवांत. हाफ टाइमला सगळे पाणी प्यायला गेले, तेवढ्यात मैदानाच्या कडेला रोज चरणाऱ्या खैरूनबीच्या शेळ्यांनी मान वर केली. या शेळ्यांनी आजवर आमच्या फक्कीला कधी तोंड लावलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या ओळीनं आत आल्या आणि रेषेवर वाकल्या. हाफ टाइम संपून मित्रा उजवीकडच्या गोलमध्ये येऊन उभी राहिली, तोवर तिच्यासमोर रेषा नव्हती, शेळ्या होत्या.

"बाबा!" ती ओरडली. "ह्या फक्की कशाला खायलात?"

"भूक लागली असंल त्यायला!"

रेफरी बाई नांदेडच्या, आणि कडक. त्यांनी वाकून चिमूटभर रेषा उचलली, वास घेतला आणि जिभेला लावली.

"हे पीठ आहे."

"ज्वारीचं हाय," मी म्हणालो. (माहिती पूर्ण द्यावी या हेतूनं.)

"रेषा राहिली नाही तर मी मॅच थांबवीन. शेळ्या हटवा."

मग पुरुष संघाचा कॅप्टन बबलू आणि त्याचे गडी शेळ्यांमागं धावले. शनिवारच्या मॅचमध्ये ज्यांना नांदेडचा एक माणूस अडवता आला नव्हता, त्यांना शेळी काय अडवता येणार? शेवटी मी माझी रेषा मोजायची दोरी दिली. तिचे तुकडे करून शेळ्या कुंपणाला बांधल्या. सगळ्यांत हट्टी काळी शेळी बबलूनं स्वतःजवळ धरली. रेषेचं जे काही खरकटं उरलं होतं, त्यावर रेफरी बाईंनी नाइलाजानं शिट्टी मारली.

एवढ्यात गेटातून मित्राची आई आली. तिच्या हातात रिकामी परात.

"अहो, पिठाचं पोतं कुठं हाय?"

मी बोटानं मैदान दाखवलं.

"मैदानात ठिवलंय?"

"ठिवलं न्हाई. मारलंय."

तिनं मैदान पाहिलं, शेळ्यांची पांढरी तोंडं पाहिली. "अन् आता पाहुण्यायला काय घालू? शेळ्या?" मग ती गेटाकडं वळली. "हे एवढं सुस्वागतम लिवलं, ते खरडून तिकडं टाकायला काय झालतं?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात "मोर लय छान आलते" असं काहीतरी म्हणालो, पण ती भाताचं बघायला निघून गेली होती.

इकडं मैदानात आमच्या मुलींनी गोल केला! एव्हाना कांदे घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसलेल्या बायकांनी चिरणं टाकून टाळ्या वाजवल्या. आता शेवटची काही मिनिटं तग धरायचा होता. एवढ्यात नांदेडची एक उंच पोरगी चेंडू घेऊन एकटीच सुटली. मित्रा गोल सोडून पुढं धावली, झेपावली, आणि चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून जागेवर बसली.

"बाहेर! बॉक्सच्या बाहेर!" नांदेडच्या मुली ओरडल्या.

"आत! आत!" आमच्या ओरडल्या.

रेफरी बाईंनी खाली पाहिलं. नेमकी तिथली रेषा शेळ्यांच्या पोटात होती. "कुणीही हलू नका," त्या म्हणाल्या. मित्रा चेंडू धरून तशीच बसून राहिली. "रेषा मारली कुणी?"

मी पुढं झालो. लेकीचा चेहरा पांढराफटक पडलेला. मला त्या क्षणी रेषा अगदी स्पष्ट दिसली, मित्राच्या चार हात पलीकडं!

"इथं!" मी पाय आपटला. "रेषा हितं होती. पोरगी आत हाय. मी रेल्वेचा माणूस हाय, माझी रेषा चुकत न्हाई!"

"मोजू या. दोरी आणा."

दोरी शेळ्यांच्या गळ्यात होती. बबलू तत्परतेनं काळ्या शेळीची गाठ सोडायला लागला. मी ओरडलो, "अरे, तुकडा घेऊन काय करतोस? सोडू नको तिला!" पण तोवर ती सुटली होती.

शेळी माझ्याकडं आली. मी जिथं पाय आपटला होता तिथं तिनं हुंगलं. तिथं काहीच नव्हतं. मग ती मित्राला वळसा घालून गोलच्या बाजूला गेली, गवतात तोंड खुपसलं आणि बारीक उरलेलं पीठ चाटत, अगदी सरळ रेषेत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालायला लागली. रेफरी बाई तिच्या मागोमाग चालल्या.

मित्रा बाहेर होती. चांगली दोन हात बाहेर!

मित्राला पिवळं कार्ड मिळालं. (लाल मिळता मिळता वाचली, तिच्या मागं आमची एक पोरगी गोल राखायला पळत आली होती, म्हणून.) नांदेडला फ्री किक मिळाली. माझ्यामुळं हे सगळं हातचं जाणार होतं. उंच पोरीनं लाथ मारली. चेंडू वरच्या कोपऱ्यात निघाला, आणि माझ्या लेकीनं, आठ दिवसांच्या उपाशी लेकीनं, हवेत अंग टाकून तो बोटांनी बारवरून पलीकडं काढला. मला रडूच आलं. लगेच शेवटची शिट्टी झाली.

मॅडम मैदानात आल्या. "मुलींचा संघ आम्ही घेतोय," त्या मित्राला म्हणाल्या. आमच्या पोरी उड्या मारायला लागल्या. "फक्त एक गोष्ट. तो रेषेवरून खोटा दावा करणारा माणूस क्लबचा पदाधिकारी आहे का? असेल तर मला वर कळवावं लागेल, आणि निर्णय लांबेल."

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. पोटची पोर, पण डोळ्यांत ओळखीचा मागमूस नाही.

"नाही मॅडम. आम्ही ओळखत नाही त्यांना."

मित्राची आई भाताचं पातेलं घेऊन आली होती. तिच्याकडं मी आशेनं पाहिलं. ती म्हणाली, "रोजच कोण कोण येऊन बसतंय हितं."

पोरीच्या भल्यासाठी मीही छाती पुढं काढली. "बरोबर हाय मॅडम. मी ह्या शेळ्या राखायला हाय."

मॅडमनी समाधानानं मान हलवली. पण खैरूनबी लांबून तरातरा आली आणि काळ्या शेळीला माझ्यापासून दूर ओढत कडाडली, "अगे मा, नक्को! इसके हात में मेरे बकऱ्यां मैं कायकू दूं?"

मुलींना लीगनं घेतलं. मला शेळ्यांनीसुद्धा घेतलं नाही.